आकडा नंतर, आधी गृहीतकं दाखवा

१६ मार्च २०२० ला लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या टीमने कोरोनाच्या साथीचं गणिती मॉडेल चालवून एक रिपोर्ट काढला आणि त्यातले दोन आकडे जगभर फिरले, काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख माणसं मरतील. ब्रिटनचं धोरण त्याच आठवड्यात बदलायला लागलं आणि २३ तारखेला लॉकडाऊन जाहीर झालं. त्यानंतरची भांडणं सगळ्यांना आठवत असतील, एक बाजू म्हणायची सायन्सने सांगितलंय आता बोलू नका, दुसरी बाजू म्हणायची एवढी माणसं मेलीच नाहीत म्हणजे मॉडेलच खोटं, आणि दोन्ही बाजूंनी त्या वाक्यातलं "काहीच केलं नाही तर" हे गाळून टाकलं होतं. त्याच रिपोर्टमध्ये अमुक निर्बंध लावले तर काय, शाळा बंद ठेवल्या तर काय, आजार थोडा जास्त किंवा थोडा कमी पसरणारा निघाला तर काय, असे कितीतरी वेगवेगळे आकडे टेबलात दिलेले होते. ते फार कुणी बघितलेच नाहीत. आणि ज्याला खोलात जाऊन बघायचं होतं त्यालाही बघता येत नव्हतं, कारण मूळ कोड बाहेर आलेलाच नव्हता. हजारो ओळींचा, बरीच वर्षं जुना, टीमच्या बाहेरच्या माणसाला वाचता येणार नाही असा तो प्रोग्रॅम साफसूफ करून सगळ्यांसाठी खुला झाला तो एप्रिलच्या शेवटाला. म्हणजे देश बंद होऊन महिना उलटल्यावर.

माझा मुद्दा हा क्रम उलटा होता एवढाच आहे, पण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. फिजिक्सच्या पद्धतीने बनवलेली मॉडेल्स, मग ती साथीची असोत, लोकसंख्येची असोत नाहीतर ताऱ्यांची, ती आपल्याला हवीच आहेत, त्यांच्याशिवाय मोठे निर्णय घेणं म्हणजे अंधारात चाचपडणं. पण ज्या मॉडेलवर लोकांचं जगणं ठरणार आहे त्याची गृहीतकं, त्याचा कोड आणि त्याची अनिश्चितता निर्णयाच्या आधी लोकांपुढे आली पाहिजे, आणि ते मॉडेल चुकलं की बरोबर निघालं हे ठरवायला त्या मॉडेलच्या बाहेरचं एखादं मोजमाप पाहिजे. ताऱ्यांचा अभ्यास करणारे हे कित्येक वर्षं करत आलेत. माणसांच्या बाबतीत मात्र आपण आकडा मागतो आणि तो मिळाला की गप्प बसतो किंवा भांडतो.

"माणसं म्हणजे काय अणू आहेत का" हा प्रश्न यावर लगेच येतो. प्रश्न चांगला आहे, पण ही देवाणघेवाण वाटते त्यापेक्षा खूप जुनी आहे. डॅनिएल बर्नोली, ज्याचं नाव आपण वाहत्या पाण्याच्या दाबाच्या धड्यात वाचतो, त्याने १७६० मध्ये देवीच्या रोगाचं गणित मांडलं होतं. तेव्हा लस नव्हती, खऱ्या देवीच्या फोडातलाच अंश निरोगी माणसाला टोचायचे, त्यात काही जण मरायचे, बाकीचे आयुष्यभर सुरक्षित राहायचे. बर्नोलीने हिशोब केला की सगळ्यांना टोचलं तर सरासरी आयुष्य साधारण ३ वर्षांनी वाढेल. पुढे एकोणिसाव्या शतकात केटले नावाचा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुका मोजायची पद्धत उचलून माणसांच्या उंचीला, लग्नांना, गुन्ह्यांना लावतो, आणि विज्ञानाचा इतिहास लिहिणारे म्हणतात की त्याच विचाराचा प्रभाव मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञावर पडला आणि त्याने वायूतल्या रेणूंच्या वेगांचं गणित मांडलं. म्हणजे एकच कल्पना ताऱ्यांकडून माणसांकडे आणि माणसांकडून वायूकडे गेली. एक रेणू कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही, एक माणूस उद्या कुणाला भेटेल हेही सांगता येत नाही, तरी पुष्कळ रेणूंचा मिळून दाब किती ते सांगता येतं.

साथीचं गणित आतून बघितलं तर अगदी साधं आहे. माणसांचे तीन गट करायचे, अजून लागण न झालेले, सध्या आजारी आणि बरे झालेले (किंवा गेलेले), आणि दर दिवशी कोण कुठल्या गटातून कुठे सरकतं ते मांडत जायचं. एक आजारी माणूस सरासरी किती जणांना लागण करतो हा त्यातला कळीचा आकडा, आर. तो १ च्या वर असेल तर साथ फोफावते, १ च्या खाली आला की विझत जाते. अणुभट्टीतही हेच असतं, एका न्यूट्रॉनपासून पुढच्या पिढीत किती न्यूट्रॉन तयार होतात ती संख्या १ च्या वर गेली की साखळी वाढत जाते, खाली आली की थांबते, फक्त तिथे तिला के म्हणतात. आता यातली खरी गंमत आणि खरी भीती इथे आहे: सुरुवातीला रुग्ण दर ३ दिवसांनी दुप्पट होतात असं धरलं तर ३० दिवसांत १० वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे १०२४. दुप्पट व्हायला ४ दिवस लागतात असं धरलं तर त्याच ३० दिवसांत साडेसात वेळा, म्हणजे एकाचे १८० च्या आसपास. एका दिवसाचा फरक आणि उत्तरात पाचपटीहून जास्त तफावत, आणि साथीच्या पहिल्या दोन आठवड्यांत, टेस्ट पुरेशा होत नसताना, ते ३ दिवस आहेत की ४ हे नक्की कुणालाच माहीत नसतं. मग कुणी एकच आकडा छातीठोकपणे सांगत असेल तर त्याने बाकीचे आकडे तुमच्यापासून लपवलेत किंवा स्वतःच काढून बघितलेले नाहीत. दुसरा एक हिशोब बघा, आर २ असेल तर निम्म्या लोकांना लागण झाली की साथ उतरणीला लागते, पण लगेच थांबत नाही, त्या क्षणी जे आजारी असतात ते पुढेही पसरवत राहतात आणि मोकळी सोडली तर शेवटी ८० टक्क्यांच्या आसपास लोकांना ती गाठते. "हर्ड इम्युनिटी" (पुरेशा लोकांना होऊन गेलं की साथ आपोआप उतरते ही कल्पना) हा शब्द ज्यांनी २०२० मध्ये सहज वापरला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हा उरलेला ३० टक्क्यांचा भाग कधी सांगितलाच नाही.

मॉडेल म्हणून जे जे खपवलं जातं ते सगळं एकाच दर्जाचं नसतं आणि इथेच वाचणाऱ्याने सावध राहिलं पाहिजे. एक प्रकार असतो ज्यात आतली प्रक्रिया मांडलेली असते, कोण कुणाला भेटतं, लागण कशी होते, किती दिवस टिकते. दुसरा प्रकार म्हणजे आतापर्यंतच्या आकड्यांवर एक गुळगुळीत कर्व्ह बसवायचा आणि तो पुढे ओढत न्यायचा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आयएचएमई या संस्थेचा अंदाज फार गाजला, ४ ऑगस्टपर्यंत अमेरिकेत साधारण ६० हजार मृत्यू. तो मुख्यतः कर्व्ह बसवण्याच्या पद्धतीचा होता, वर गेलेली रेषा तशीच सुबकपणे खाली येईल हे त्या आकारातच गृहीत होतं. ६० हजार मृत्यू एप्रिल संपतानाच ओलांडले गेले आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत संख्या दीड लाखाच्या वर होती. मेमध्ये संस्थेने पद्धतच बदलली आणि संसर्गाची प्रक्रिया त्यात घातली, ते चांगलंच केलं. पण तोवर तो आकडा धोरणाच्या चर्चेत वापरून झाला होता. आणि हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १९९० मध्ये एड्सच्या बाबतीत अशीच साथ सममितपणे चढते आणि उतरते असं धरून अमेरिकेत एकूण सुमारे २ लाख केसेस होतील आणि १९९५ च्या आसपास साथ संपेल असा अंदाज छापून आला होता, प्रत्यक्षात १९९५ संपायच्या आत ५ लाखांवर केसेसची नोंद झालेली होती. कर्व्हला माहीत नसतं की लागण कशामुळे होते, त्यामुळे ते "कशामुळे" बदललं की त्याच्याकडे सांगायला काहीच नसतं.

पण म्हणून प्रक्रिया मांडली की झालं असंही नाही. ते तीन गटांचं मॉडेल १९२७ मध्ये करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी मांडलं (करमॅक लॅबमधल्या अपघातात दृष्टी गमावलेले, तरी हे काम त्यांनी केलं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं), आणि त्याचा दाखला म्हणून त्यांनी कुठला डेटा घेतला तर मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचा, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. आलेख इतका छान जुळला की तो आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. फक्त प्लेग उंदरांमुळे आणि पिसवांमुळे पसरतो, आणि मॉडेलमध्ये उंदीर वेगळे नव्हतेच, माणसांमधला प्लेग हा उंदरांमधल्या प्लेगची सावली आहे असं त्यांनी ढोबळपणे धरलं होतं आणि तसं पेपरमध्ये लिहिलंही होतं. ऋतूप्रमाणे प्लेग कमीजास्त होतो ही गोष्टही त्यात नव्हती. पुढच्या काळात हा डेटा परत तपासला तेव्हा लक्षात आलं की त्या जुळणीवर एवढा विश्वास ठेवायला नको होता. आलेख जुळणं ही फार हलकी परीक्षा आहे, चार-दोन बटणं, म्हणजे मॉडेलमधले हवे तसे बदलता येणारे आकडे, फिरवायला मिळाली की पुष्कळ वेगवेगळी मॉडेल्स एकाच उंचवट्यावर जुळवून दाखवता येतात. बटणं फिरवायला मिळणार नाहीत अशी परीक्षा कुठली, हे विचारलं पाहिजे.

हे कसं करायचं असतं ते बघायचं असेल तर मला सूर्याच्या न्यूट्रिनोंची (गाभ्यात तयार होऊन जवळजवळ कशालाही न अडता बाहेर येणाऱ्या कणांची) गोष्ट सगळ्यात जास्त शिकवून जाणारी वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सूर्याच्या आत कुणी जाऊ शकत नाही, पृष्ठभाग ५८०० केल्विनच्या आसपास आणि गाभा दीड कोटी. मग आतलं कळतं कसं, तर चार-पाच समीकरणांतून: प्रत्येक थरावर वरच्या थरांचं वजन आणि आतला दाब यांचा तोल, आतून बाहेर येणारी ऊर्जा, गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना तयार होणारी ऊर्जा. ही समीकरणं कॉम्प्युटरवर ४६० कोटी वर्षं पुढे चालवायची आणि आजचा सूर्य मिळतो का बघायचं. जॉन बाकॉल यांनी अशा मॉडेलवरून काढलं की गाभ्यातून किती न्यूट्रिनो यायला हवेत, आणि रे डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोल, कपडे ड्रायक्लीन करायला वापरतात त्या क्लोरिनयुक्त द्रवाची जवळपास ४ लाख लिटरची टाकी ठेवली. न्यूट्रिनो क्लोरिनच्या अणूवर आदळला तर क्वचित त्याचा आरगॉन होतो, तेवढे मोजके अणू त्या एवढ्या मोठ्या टाकीतून वेचून मोजायचे. १९६८ पासून निकाल यायला लागले आणि न्यूट्रिनो भाकितापेक्षा खूप कमी होते, पुढे कायम एक तृतीयांशच्या आसपास.

सोपा मार्ग हाताशी होता. डेव्हिसना जे न्यूट्रिनो मुख्यतः दिसायचे त्यांची संख्या गाभ्याच्या तापमानाच्या साधारण पंचविसाव्या घाताने बदलते, म्हणजे तापमान फक्त ४ टक्के कमी धरलं की न्यूट्रिनो एक तृतीयांशवर येतात आणि सगळं जुळतं. एक बटण जरासं फिरवायचं होतं. पण मॉडेलवाल्यांनी ते उगाच फिरवलं नाही, कारण तापमान कमी धरायला काहीतरी कारण हवं आणि ते मिळत नव्हतं, आणि दरम्यान एक दुसरीच खिडकी उघडली: सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५ मिनिटांच्या लयीत थरथरतो, त्या कंपनांवरून आतल्या ध्वनीचा वेग काढता येतो, जसा भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या पोटातला अंदाज येतो. तो वेग मॉडेलशी एका टक्क्याच्याही आत जुळत होता. म्हणजे ४ टक्के थंड सूर्य चालणार नव्हता. शेवटी २००१ आणि २००२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने दाखवलं की न्यूट्रिनो पूर्ण येत होते, वाटेत त्यांचा प्रकार बदलत होता आणि डेव्हिसच्या टाकीला एकच प्रकार दिसत होता. सूर्याचं मॉडेल बरोबर होतं, न्यूट्रिनोबद्दलची समजूत अपुरी होती. तीस-पस्तीस वर्षं एक आकडा सगळ्यांसमोर न जुळणारा म्हणून उघडा पडून होता, कुणी तो झाकला नाही.

मला धोरणाच्या मॉडेलमध्ये हेच हवंय. साथीमध्ये ती दुसरी खिडकी म्हणजे रक्ततपासणीचा सर्व्हे, किती लोकांच्या अंगात अँटिबॉडी आहेत ते यादृच्छिकपणे निवडलेल्या लोकांत मोजायचं, किंवा सांडपाण्यातला विषाणू मोजायचा, पोलिओच्या बाबतीत हे कित्येक वर्षं करतात. ही मोजमापं दवाखान्यात किती जण टेस्टला आले यावर अवलंबून नसतात. मॉडेल म्हणत असेल की २० टक्के लोकांना होऊन गेलंय आणि सर्व्हेत ५ टक्केच निघाले, तर मॉडेलमधलं काहीतरी चुकलंय आणि ते रुग्णांचा आलेख कितीही सुंदर जुळवून लपवता येणार नाही. असे सर्व्हे महाग असतात, वेळ लागतो, ते मान्य आहे. पण एका चुकीच्या निर्णयाने रोजगार बुडतात किंवा माणसं मरतात त्याच्या मानाने ते काहीच नाही.

आता ताऱ्यांत आणि माणसांत एक फरक आहे तो टाळून पुढे जाता येणार नाही. ताऱ्याला तुमचं भाकीत ऐकू येत नाही. २०१९ च्या शेवटाला काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज, अंधुक होत गेला आणि आता स्फोट होणार अशी चर्चा सुरू झाली, फेब्रुवारी २०२० नंतर तो परत उजळला, बाहेर फेकलेल्या धुळीने प्रकाश अडला होता असं पुढे कळलं, आणि या सगळ्या चर्चेने ताऱ्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. माणसं मात्र भाकीत ऐकतात, घाबरतात, घरात बसतात, हात धुतात, सरकारं पैसे सोडतात. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की काही वाढीव उपाय केले नाहीत तर लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये मिळून जानेवारी २०१५ पर्यंत, न नोंदलेल्या केसेस धरून, इबोलाच्या १४ लाख केसेस होऊ शकतात. पूर्ण पश्चिम आफ्रिकेतल्या त्या साथीत शेवटी नोंद झाली २८ हजार ६०० च्या आसपास केसेसची आणि ११ हजार ३०० च्या वर मृत्यूंची. १४ लाख खोटे निघाले म्हणून हसणाऱ्यांनी त्याच रिपोर्टमधलं दुसरं वाक्य बघावं: साधारण ७० टक्के रुग्ण उपचार केंद्रात किंवा संसर्ग पसरणार नाही अशा व्यवस्थेत आणले आणि दफन सुरक्षित केलं, तर साथ संपायला लागेल. हे वाक्य कामाचं होतं, काय करायचं आणि किती करायचं हे त्यात होतं. माझ्या मते धोरणासाठीच्या मॉडेलकडून हीच अपेक्षा ठेवायला हवी, अमुक केलं तर काय आणि नाही केलं तर काय. नुसतं "इतके होतील" हे माणसांच्या बाबतीत भाकीत म्हणून तपासताच येत नाही, कारण ऐकल्याबरोबर माणसं वागणं बदलतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या मॉडेलने सांगितलं की पहिला उंचवटा होऊन गेलाय आणि नियम पाळत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ अखेर सक्रिय रुग्ण अगदी कमी उरतील. फेब्रुवारीत रुग्ण खरोखरच खूप कमी झाले होते, त्या अर्थाने आकडा फार चुकला नाही. पण त्या मॉडेलमध्ये विषाणू तोच राहणार आणि लोक तसेच वागणार हे गृहीत होतं, आणि ही दोन्ही गृहीतकं लोकांपर्यंत पोचली नाहीत, पोचला तो "संपत आलं" हा निरोप. एप्रिल-मेमध्ये डेल्टा या जास्त पसरणाऱ्या प्रकाराची लाट आली. ऑक्टोबरमध्येच कुणी ठळकपणे म्हटलं असतं की विषाणू दीडपट पसरणारा झाला तर हेच मॉडेल काय दाखवतं ते बघा आणि ऑक्सिजनची तयारी त्या आकड्यावर ठेवा, तर त्या दोन महिन्यांत काय झालं असतं याचा विचार मनातून जात नाही. ते एक समीकरण परत चालवायला कॉम्प्युटरला काही सेकंद लागतात.

लोकसंख्येच्या क्षेत्रात याहून बरी परिस्थिती आहे आणि तीही ठोकरा खाऊन आलेली आहे. १९२० मध्ये पर्ल आणि रीड यांनी अमेरिकेच्या जनगणनेवर एक सुंदर एस आकाराचा कर्व्ह बसवला, १७९० पासूनचे आकडे चपखल बसले, आणि त्यावरून सांगितलं की लोकसंख्या १९.७ कोटींच्या आसपास थांबेल. १९६० चं दशक संपायच्या आतच २० कोटी ओलांडले गेले आणि आज ३३ कोटींच्या वर आहे. माणसं किती मुलं होऊ देतात, कोण देशात येतं, कोण जातं, यातलं काही त्या कर्व्हमध्ये नव्हतं. आज संयुक्त राष्ट्रसंघ वयोगट वेगळे मांडून, जन्म, मृत्यू, स्थलांतर वेगवेगळं धरून हिशोब करतो, आणि २०२४ च्या अहवालात जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्याला सुमारे १०३० कोटींवर पोचून मग उतरायला लागेल असं म्हणताना, याच शतकात ती शिखर गाठेल याची शक्यता ८० टक्के असल्याचंही सांगतो. डेटा आणि पद्धत कुणालाही उतरवून घेता येते. वीस वर्षांनंतरचे आकडे बऱ्यापैकी पक्के असतात कारण तेव्हा आई होणाऱ्या मुली आज जन्मलेल्या आहेत, सत्तर वर्षांनंतरचे तेवढे पक्के नसतात, आणि आलेखात पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा हे न बोलता दाखवतो. साथीच्या बातम्यांमध्ये हा पट्टा काढून टाकून मधली रेषा तेवढी छापतात, हे मला अतिशय चुकीचं वाटतं.

याला विरोध करणारे म्हणतात की सगळं उघडं केलं तर लोक घाबरतील, किंवा अर्धवट समजून कोडमधल्या चुका काढत बसतील आणि आणीबाणीत शास्त्रज्ञांचा वेळ त्यात जाईल. यात तथ्य आहे, इम्पिरियलचा कोड खुला झाला तेव्हा काही टीका खरोखर वरवरची होती. पण पुढे काय झालं तेही बघा, केंब्रिजच्या एका संशोधकाने तो कोड स्वतंत्रपणे चालवून बघितला आणि जूनमध्ये सांगितलं की रिपोर्टमधले निकाल परत मिळवता येतात. ज्या शंकेने आठवडेच्या आठवडे लोकांना पोखरलं तिचं उत्तर खुलेपणातूनच मिळालं. ताऱ्यांच्या उत्क्रांतीचा हिशोब करणारा मेसा नावाचा प्रोग्रॅम कित्येक वर्षं सगळ्यांसाठी खुला आहे, जगभरातले विद्यार्थी तो चालवतात, चुका सापडल्या तर कळवतात, आणि तिथे तर कुणाच्या जिवाचा प्रश्नही नाही. दहा सौर वस्तुमानांचा तारा दोन-तीन कोटी वर्षं जगतो आणि सूर्य हजार कोटी, हे कळल्याने कुणाचं दुकान बंद पडत नाही. जिथे बंद पडतं तिथला कोड कपाटात का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही.

दुसरा विरोध जास्त गंभीर आहे आणि तो फिजिक्सवाल्यांना उद्देशून आहे. २०२० मध्ये कितीतरी फिजिक्सवाल्यांनी साथरोगतज्ज्ञांना न विचारता घरबसल्या मॉडेल्स केली, त्यात सगळी माणसं वायूतल्या रेणूंसारखी एकमेकांत सारखी मिसळतात असं धरलं. पण २००३ च्या सार्सच्या डेटावरूनच स्पष्ट झालं होतं की बहुतेक रुग्ण कुणालाच देत नाहीत आणि मोजके जण पुष्कळांना देतात. सरासरी आर तोच असला तरी ही असमानता धरली की धोरण बदलतं, सरसकट सगळं बंद करण्यापेक्षा गर्दीच्या बंदिस्त जागा सांभाळणं जास्त मोलाचं ठरतं. आणि सरासरीत आणखी एक माणूस हरवतो, दहा जण एका खोलीत राहणारा, ज्याला कामावर जावंच लागतं. त्याच्यासाठी आर वेगळा, धोका वेगळा, आणि घरात बसा या सल्ल्याचा अर्थही वेगळा. हे मॉडेलमध्ये घालता येतं, वस्तीप्रमाणे, वयाप्रमाणे, कामाप्रमाणे गट पाडता येतात, पण त्यासाठी प्रत्यक्ष घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेला जे माहीत असतं ते मॉडेल करणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे, आणि समीकरणं येतात म्हणून तिच्यापेक्षा आपल्याला साथ जास्त कळते हा समज सोडला पाहिजे.

आणि मॉडेल कितीही चांगलं झालं तरी एक गोष्ट त्याच्यावर ढकलू नये. बर्नोलीने ३ वर्षांचा हिशोब मांडला तेव्हा दालांबेर या दुसऱ्या गणितज्ञाने आक्षेप घेतला होता की टोचून घेतल्यावर मरायचा धोका या महिन्यातला आहे आणि वाढणारं आयुष्य कित्येक वर्षांनंतरचं, या दोन गोष्टी प्रत्येक माणूस सारख्याच तोलेल असं तुम्ही कसं धरता. बर्नोलीचं गणित चुकलं नव्हतं आणि दालांबेरचा प्रश्नही चुकीचा नव्हता. शाळा किती महिने बंद ठेवायच्या, म्हाताऱ्यांच्या जिवाची आणि मुलांच्या शिक्षणाची तुलना कशी करायची, कुणाचा रोजगार आधी जाऊ द्यायचा, हे ठरवायचं काम निवडून आलेल्यांचं आहे आणि त्याचं उत्तरही त्यांनीच द्यायचं आहे. मंत्री जेव्हा "आम्ही फक्त सायन्स फॉलो करतोय" म्हणतात तेव्हा ते स्वतःचा निर्णय मॉडेल करणाऱ्याच्या खांद्यावर टाकतात, आणि मॉडेल बंद असेल तर हे आणखी सोपं होतं, कारण कुठली निवड गणिताची होती आणि कुठली मंत्र्यांची हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. म्हणून मागणी दोघांकडेही करायची आहे: शास्त्रज्ञांनी निर्णयाच्या आधी गृहीतकं, कोड आणि पूर्ण पट्टा जाहीर करावा, आणि सरकारने त्याच दिवशी लिहून द्यावं की या पट्ट्यातला कुठला भाग धरून, कुणाचा किती तोटा मान्य करून हा निर्णय घेतलाय. सहा महिन्यांनी सर्व्हेचे आकडे हातात आले की दोन्ही कागद शेजारी ठेवून बघता येतील.